एलआय-टू-एफ ही छपाईची चूक नाही: एका जादा लिथियमची गोष्ट, आणि त्याचा इलेक्ट्रॉन मोजायची खटपट

शाळेत रासायनिक सूत्र लिहायला शिकवतात तेव्हा संयुजांचा तिरकस गुणाकार असतो, आठवतं का? लिथियमची संयुजा एक, फ्लोरीनची एक, म्हणून लिथियम फ्लोराइडचं सूत्र एलआयएफ, विषय संपला. उत्तरपत्रिकेत कोणी एलआय-टू-एफ लिहिलं, म्हणजे दोन लिथियमला एकच फ्लोरीन, तर लाल रेघ ठरलेली. आणि तरीही गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या देशांतल्या लॅबमध्ये लोक नेमका हाच रेणू तयार करतायत, निर्वातात पकडतायत, आणि त्याच्यातून एक इलेक्ट्रॉन काढायला किती एनर्जी लागते हे मोजतायत. असा एखादा पेपर समोर आला की पहिल्या ओळीतच माणूस अडखळतो, कारण सूत्र चुकीचं दिसतं, शब्द अवघड असतात आणि शेवटी हाती येतो ३.८ किंवा ३.९ असा एक छोटासा आकडा.

मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. तो का, हे नीट सांगायचं तर अगदी मिठापासून सुरुवात करावी लागेल.

आधी साधं मीठ

लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम या धातूंना अल्कली धातू म्हणतात. यांच्या प्रत्येक अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो बऱ्यापैकी सैल असतो. दुसरीकडे फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे हॅलोजन, यांना बाहेरची कक्षा पूर्ण व्हायला एकच इलेक्ट्रॉन कमी पडतो. दोघं भेटले की अल्कली धातूचा इलेक्ट्रॉन हॅलोजनकडे जातो, एक धन होतो, एक ऋण होतो, आणि विरुद्ध चार्जच्या ओढीने ते चिकटून राहतात. यालाच अल्कली हॅलाइड म्हणायचं. जेवणातलं मीठ, सोडियम क्लोराइड, हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं. चार्ज असलेल्या अणूला किंवा रेणूला आयन म्हणतात, एवढा शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

इलेक्ट्रॉन काढायची किंमत

एखाद्या एकट्या अणूतून किंवा रेणूतून सगळ्यात सैल इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर काढायला जी कमीत कमी एनर्जी लागते तिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. विहिरीत पडलेला चेंडू वर काढायचा असेल तर विहीर किती खोल आहे त्यावर मेहनत ठरते, तसंच हे, इलेक्ट्रॉन जितका खोल बसलाय तितकी किंमत जास्त.

मोजायचं एकक इलेक्ट्रॉन व्होल्ट. एक व्होल्टच्या फरकातून ढकलला गेलेला इलेक्ट्रॉन जेवढी एनर्जी कमावतो तेवढी. अंदाज यावा म्हणून सांगतो, खोलीच्या तापमानाला रेणूंची जी सततची थरथर चाललेली असते ती सुमारे १/४० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरातली, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा एक कण साधारण दीड ते तीनच्या मधला. पुढचे सगळे आकडे याच एककात आहेत, दर वेळी नाव घेत नाही.

हेलियमचा इलेक्ट्रॉन काढायला २४.५९ लागतात, म्हणून तो कुणाशी सहसा बोलत नाही. हायड्रोजनला १३.६०. लिथियमला ५.३९, सोडियमला ५.१४, पोटॅशियमला ४.३४, रुबिडियमला ४.१८ आणि सिझियमला ३.८९. सिझियम हा या बाबतीत स्थिर मूलद्रव्यांमधला सगळ्यात उदार. आवर्त सारणीत याच्यापेक्षा सैल हाताचं स्थिर मूलद्रव्य नाही.

मग एक लिथियम जास्त आला तर?

लिथियम फ्लोराइडचा एकटा रेणू घ्या. यातून इलेक्ट्रॉन काढायचा तर तो फ्लोरीनकडून काढावा लागतो, कारण लिथियमने आपला आधीच देऊन टाकलाय, आणि फ्लोरीन हा इलेक्ट्रॉन सोडायच्या बाबतीत भलताच घट्ट, त्यात शेजारी धन लिथियम बसलेला, तोही इलेक्ट्रॉनला आपल्याकडे ओढून धरतो. म्हणून किंमत ११ च्या वर जाते.

आता याच रेणूला अजून एक लिथियम येऊन चिकटला असं समजा. त्यानेही सोबत एक इलेक्ट्रॉन आणलाय. पण फ्लोरीनची जागा तर भरलेली आहे, त्याला आणखी नको. म्हणजे हा इलेक्ट्रॉन बिनकामाचा उरला. तो कुठल्याच एका अणूचा नसतो, दोन लिथियमच्या बाहेरच्या अंगाला पसरून राहतो, फ्लोरीनवरच्या ऋण चार्जपासून शक्य तेवढा लांब, कारण तो चार्ज त्याला दूर ढकलत असतो. दोन धन लिथियम ओढतायत, मधला ऋण फ्लोरीन ढकलतोय, हिशोब असा बसतो की ओढ फारच कमी उरते.

परिणाम बघा. एका लिथियमच्या भरतीने किंमत ११ वरून थेट ४ च्या खाली येते. हे नुसतं लिथियम फ्लोराइडपेक्षा कमी नाही, तर सुट्या लिथियमच्या ५.३९ पेक्षाही कमी आहे, म्हणजे जवळपास सिझियमच्या पंगतीला बसणारं. सगळ्यात घट्ट हॅलोजन आणि अल्कली धातूंमधला सगळ्यात कंजूष लिथियम एकत्र येऊन सिझियमसारखं वागतात, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन आकडे तपासले होते.

अशा रेणूंना १९८२ मध्ये गुत्सेव आणि बोल्डिरेव या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी सुपरअल्कली असं नाव दिलं. त्यांची कृती साधी होती, मधे इलेक्ट्रॉन ओढणारा अणू ठेवा आणि त्याला संयुजेपेक्षा एक अल्कली अणू जास्त द्या. फ्लोरीनला दोन लिथियम, ऑक्सिजनला तीन. ऑक्सिजनवाला रेणू तर फ्लोरीनवाल्यापेक्षाही सैल आहे, त्याची किंमत साधारण साडेतीन.

पण संयुजेचा नियम मोडतो, मग हा रेणू टिकतो कसा?

ही शंका रास्त आहे आणि बहुतेकांना हीच पहिली येते. आपण संयुजेचा नियम शिकतो तो बाटलीत भरून ठेवता येणाऱ्या पदार्थांसाठी. तिथे रेणू एकमेकांवर सतत आदळतात, त्यामुळे ज्याच्याकडे सैल इलेक्ट्रॉन आहे त्याचा तो लगेच कोणीतरी घेतो आणि गोष्ट संपते. एलआय-टू-एफची बाटली नाही मिळणार. पण निर्वातात, जिथे एका रेणूला दुसरा भेटतच नाही, तिथे हा रेणू आपणहून तुटत नाही. त्यातला एक लिथियम तोडून वेगळा करायचा तर बाहेरून एनर्जी द्यावी लागते, आणि रेणू टिकाऊ आहे म्हणायला एवढं पुरे. टिकाऊ आणि साठवता येण्याजोगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गोंधळ इथेच होतो.

फ्लोरीनची कक्षाही इथे आठाच्या पुढे जात नाही. जादा इलेक्ट्रॉन लिथियमच्या बाजूला राहतो, फ्लोरीनवर लादला जात नाही. म्हणजे अष्टकाचा नियम खरं तर मोडतच नाही, मोडतो तो आपला तिरकस गुणाकार.

असे जादा लिथियमवाले रेणू नुसते कागदावर राहिले नाहीत हे इतर उदाहरणांतूनही दिसलंय. कार्बनला सहा लिथियम असलेला रेणू १९८० च्या दशकात श्लायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गणिताने सांगितला आणि १९९२ मध्ये जपानच्या कुडो यांनी तो मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये प्रत्यक्ष दाखवला.

मशीन नेमकं काय करतं

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचा वजनकाटा, पण त्याची एक अट आहे, त्याला फक्त आयन दिसतात. चार्ज नसलेला रेणू त्याच्या समोरून निघून गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून आधी रेणूला आयन बनवायचं, मग विद्युत क्षेत्राने पळवायचं, मग चुंबकीय क्षेत्रातून न्यायचं. सारख्याच जोराने आडवा वारा लागला तर हलका चेंडू जास्त वळतो आणि जड चेंडू कमी, तसे आयन वजनाप्रमाणे वेगवेगळे वळतात, आणि शेवटी मोजणारा भाग प्रत्येक वजनाचे किती आले ते सांगतो. कागदावर वजनाच्या आकड्यापाशी एक उंच रेघ दिसते, तिला शिखर म्हणतात. अॅस्टन यांनी १९१९ मध्ये असं यंत्र बनवून समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची, मोजणी केली आणि त्यासाठी त्यांना १९२२ चं नोबेल मिळालं.

आपल्या रेणूसाठी त्या आधी एक भांडं लागतं. धातूचं छोटं बंद भांडं, झाकणाला बारीक भोक, याला नुडसेन सेल म्हणतात, डॅनिश शास्त्रज्ञ मार्टिन नुडसेन यांच्यावरून. त्यात फ्लोराइड आणि जादा लिथियम मिळेल असं काहीतरी टाकायचं आणि तापवायचं. आत वाफेत सगळ्या प्रकारचे रेणू एकमेकांशी समतोल साधून असतात, आणि भोकातून थोडे थोडे बाहेर येतात, इतके विरळ की बाहेर आल्यावर कोणी कोणाला धडकत नाही. बाहेर हवेच्या दाबाच्या अब्जाव्या भागाएवढा दाब असतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. आत जे होतं तेच बाहेर येतं, मधे बिघडत नाही, ही या भांड्याची खरी किंमत.

३३ वर शिखर आलं, पण ते कोणाचं?

लिथियमचं वजन ७, फ्लोरीनचं १९, म्हणजे एलआय-टू-एफचं ७ अधिक ७ अधिक १९, बरोबर ३३. तर ३३ वर शिखर दिसलं की झालं का काम? नाही, कारण वजनकाटा वजन सांगतो, नाव नाही.

इथे लिथियमची एक सोय कामाला येते. निसर्गात लिथियम दोन वजनांचा मिळतो, शंभरात साधारण ९२ अणू ७ वजनाचे आणि साडेसात ६ वजनाचे. फ्लोरीन मात्र एकाच वजनाचा. मग दोन लिथियमवाल्या रेणूची तीन शिखरं यायला पाहिजेत, ३३ वर सुमारे ८५ टक्के, ३२ वर १४ टक्के आणि ३१ वर एक टक्क्याहूनही कमी. हे प्रमाण दिसलं तर आत दोन लिथियम आहेत याची खात्री. एकच लिथियम असता तर प्रमाण वेगळं आलं असतं, आणि लिथियम नसलेलं भलतंच काही असतं तर आणखी वेगळं.

पण यातही दोन खाचा आहेत. ३२ वर ऑक्सिजनचा रेणूही येतो आणि निर्वात कितीही चांगला केला तरी थोडा ऑक्सिजन राहतोच, त्यामुळे भांड्यासमोर पडदा आडवा सरकवून भांड्यातून किती येतंय आणि मागच्या हवेतलं किती हे वेगळं काढावं लागतं. दुसरं म्हणजे बाजारातला लिथियम नेहमी नैसर्गिक प्रमाणाचा नसतो, ६ वजनाचा लिथियम अणुउद्योगासाठी वेगळा काढून घेतात आणि उरलेला माल विकला जातो, तेव्हा पुस्तकातलं प्रमाण धरून चालत नाही, आपल्याच नमुन्यातल्या सुट्या लिथियमची ६ आणि ७ वरची शिखरं आधी बघून घ्यायची.

अख्खा रेणू की फुटलेला तुकडा?

आता सगळ्यात महत्त्वाची शंका, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे. वजन जुळलं, समस्थानिकांचं प्रमाण जुळलं, तरी एक प्रश्न राहतोच. हा आयन होण्याआधी कोण होता?

कारण असं आहे की मिठं तापवली की वाफेत एकेकटे रेणू असतात तसे जोडीने चिकटलेलेही असतात, हे १९५० च्या दशकात नीट कळलं, कोलंबिया विद्यापीठात मिलर आणि कुश यांनी रेणूंचे वेग मोजून आणि १९५८ मध्ये बर्कोविट्झ आणि चुपका यांनी मास स्पेक्ट्रोमीटरने. लिथियमच्या हॅलाइडमध्ये तर अशा जोड्या भरपूर. दोन लिथियम आणि दोन फ्लोरीन, चौकटीसारखे बसलेले. आयन बनवायची नेहमीची पद्धत म्हणजे रेणूवर वेगवान इलेक्ट्रॉनचा मारा करायचा, सहसा ७० इलेक्ट्रॉन व्होल्टने. एवढा दणका बसला की ही जोडी फुटते, एक फ्लोरीन उडून जातो, आणि काय उरतं? दोन लिथियम, एक फ्लोरीन, एक धन चार्ज. वजन ३३. समस्थानिकांचं प्रमाण तंतोतंत तेच.

म्हणजे रस्त्यावर काचेचा एक तुकडा सापडला आणि तो मुळात तेवढाच होता की मोठ्या काचेतून फुटला हे नुसतं वजन करून सांगता येत नाही, तसं. जुन्या मोजण्यांमध्ये असे आयन सर्रास दिसायचे आणि ते जवळपास नेहमी तुकडेच असायचे.

इथे आयनीभवन ऊर्जा साक्षीदार म्हणून उभी राहते. जोडी फोडून हा आयन मिळवायचा तर आधी फ्लोरीनपासून इलेक्ट्रॉन काढा, वर बंध तोडा, म्हणजे किमान ११-१२ च्या घरातली किंमत. आणि अख्खा एलआय-टू-एफ आधीपासून असेल तर ४ मध्ये काम होतं. मग माऱ्याचा जोर ७० वरून हळूहळू कमी करत न्यायचा आणि बघायचं, ३३ चं शिखर कुठे नाहीसं होतं. १२ च्या आसपास गेलं तर तुकडा. ६ ला सुद्धा टिकून राहिलं तर तो तुकडा असूच शकत नाही, एवढ्या एनर्जीत जोडी फुटतच नाही. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की तो छोटा आकडा महत्त्वाचा आहे, तो नुसता गुणधर्म नाही, रेणू खरा होता याचा पुरावा तोच आहे.

अडचण एवढीच की ४-५ इलेक्ट्रॉन व्होल्टला माऱ्याचे इलेक्ट्रॉन फार कमी आणि विस्कळीत होतात, शिवाय तापलेल्या तारेतून निघालेल्या सगळ्यांची एनर्जी सारखी नसते, अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक सहज असतो. शिखर नेमकं कुठे संपलं ते धूसर दिसतं. तुकडा की अख्खा एवढं ठरवायला हे पुरतं, पण ३.८ की ४.१ हे ठरवायला दुसरा मार्ग हवा.

तापलेल्या पट्टीची युक्ती

हा मार्ग मला सगळ्यात सुंदर वाटतो. मारा करायचाच नाही. रेनियम किंवा टंगस्टन धातूची बारीक पट्टी लाल-पांढरी होईपर्यंत तापवायची आणि रेणू तिच्यावर येऊन पडू द्यायचे. रेणू पट्टीला टेकतो, क्षणभर थांबतो आणि उडून जातो, पण जाताना एक इलेक्ट्रॉन पट्टीला देऊन आयन म्हणून जायचं की तसाच जायचं हे दोघांच्या ओढाताणीवर ठरतं. धातूलाही आपला इलेक्ट्रॉन सोडायची एक किंमत असते, तिला वर्क फंक्शन म्हणतात, टंगस्टनची साधारण साडेचार, रेनियमची पाचच्या आसपास. रेणूची किंमत धातूच्या किमतीपेक्षा कमी असेल तर इलेक्ट्रॉन धातूत राहणं फायद्याचं, जास्त असेल तर रेणूत. १९२० च्या दशकात लँगम्युअर आणि किंगडन यांनी दाखवलं की सिझियमची वाफ तापलेल्या टंगस्टनवर आदळली की जवळजवळ प्रत्येक अणू आयन होऊनच निघतो, ३.८९ विरुद्ध साडेचार, निकाल स्पष्ट.

किती आयन आणि किती बिनचार्जचे निघतील हे सांगणाऱ्या समीकरणाला साहा-लँगम्युअर समीकरण म्हणतात, आणि यातले साहा म्हणजे आपले मेघनाद साहा. त्यांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या तापलेल्या वातावरणात कुठल्या मूलद्रव्याचे किती अणू आयन झालेले असतील याचं समीकरण मांडलं, त्यातून ताऱ्यांच्या प्रकाशातल्या रेघांचा अर्थ लागला. ताऱ्याच्या वातावरणासाठी मांडलेला विचार बोटभर पट्टीवरच्या रेणूंना लागू पडतो, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच, एवढ्या तापमानाला इलेक्ट्रॉन सोबत राहील की सुटेल.

आकडे घालून बघू. रेनियमची पट्टी सुमारे १७०० डिग्री सेल्सियसला आहे असं धरा. तिच्यावर सुटा लिथियम पडला तर शंभरात जेमतेम चार-पाच अणू आयन होतात, कारण त्याचे ५.३९ पट्टीच्या ५ पेक्षा जास्त. ३.९ किंमत असलेला रेणू पडला तर समीकरणाप्रमाणे जवळजवळ सगळेच. आणि जोडी, जिची किंमत दहाच्या वर, तिच्यातून असं आयन मिळणं जवळपास अशक्य, तिच्याकडून इलेक्ट्रॉन काढायची या पट्टीची ताकदच नाही. म्हणजे फुटलेल्या तुकड्यांचा गोंधळ इथे बराचसा गळूनच पडतो.

आकडा कसा काढायचा तर पट्टीचं तापमान थोडं थोडं बदलायचं आणि प्रत्येक वेळी दोन शिखरं मोजायची, एक आपल्या रेणूचं आणि एक सुट्या लिथियमचं. तापमान वाढवलं की लिथियमचे आयन वाढत जातात, कारण त्याला चढ चढायचाय आणि उष्णता मदत करते. आपल्या रेणूचं असं होत नाही, त्याच्यासाठी आधीच उतार आहे. दोघांच्या प्रमाणाचा लॉगरिदम तापमानाच्या व्यस्तासमोर मांडला की सरळ रेघ येते आणि त्या रेघेच्या उतारातून दोघांच्या आयनीभवन ऊर्जेतला फरक मिळतो. लिथियमचे ५.३९ आपल्याला अगदी अचूक माहीत आहेत, फरक वजा केला की उत्तर. दोघं एकाच पट्टीवर एकाच वेळी आहेत म्हणून पट्टीची स्वतःची किंमत किती हेही हिशोबातून कटतं, आणि ते बरंच आहे कारण पट्टीवर मीठ साचलं की ती किंमत बदलत राहते.

बेलग्रेडजवळच्या विंचा इन्स्टिट्यूटमधल्या टीमने नुडसेन सेल आणि तापलेली पट्टी एकत्र जोडून लिथियमचे फ्लोराइड, क्लोराइड, आयोडाइड आणि पोटॅशियमचे क्लोराइड असे बरेच जादा धातूवाले रेणू याच वाटेने मोजले. यात एक मर्यादा राहते, पट्टी फार तापवली तर रेणू आयन होण्याऐवजी मोडूनच जातो, आणि फार थंड ठेवली तर मीठ साचून राहतं, मधली जागा शोधत बसावं लागतं, आणि प्रत्येक रेणूची ती जागा वेगळी.

लेझरने का नाही मोजत?

मोजतात. प्रकाशाच्या कणाची एनर्जी त्याच्या रंगावर ठरते, १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात. म्हणजे ३.९ साठी सुमारे ३१८ नॅनोमीटर, अतिनील प्रकाश. लेझरची तरंगलांबी बदलत जायची आणि ३३ चं शिखर कुठे सुरू होतं ते बघायचं. सुट्या लिथियमला २३० नॅनोमीटरचा प्रकाश लागतो आणि जोडीला त्याहूनही कितीतरी जास्त एनर्जीचा, तेव्हा एकेका कणाने काम होतंय एवढी काळजी घेतली, म्हणजे लेझरचा झोत मंद ठेवला, की ३१८ च्या आसपास दिसलेला सिग्नल आपल्या रेणूचाच. २००० साली योकोयामा, कुडो आणि सहकाऱ्यांनी असं करून एलआय-टू-एफसाठी ३.७८ हा आकडा दिला, ०.२ इकडे किंवा तिकडे.

मग वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे थोडे वेगळे का येतात?

कोणीतरी चुकलंय असंच असतं असं नाही. या रेणूचा आकार कोनात वाकलेला आहे, दोन लिथियम आणि मधे फ्लोरीन, पण इलेक्ट्रॉन निघून गेला की गणिताप्रमाणे तो सरळ होतो, कारण आता दोन धन लिथियम एकमेकांपासून शक्य तितके दूर जाऊ बघतात. प्रकाशाचा कण इलेक्ट्रॉन इतक्या झटक्यात उडवतो की अणूंना सरळ व्हायला वेळच मिळत नाही, मग वाकलेल्या अवस्थेतली किंमत मोजली जाते आणि ती थोडी जास्त असते. तापलेल्या पट्टीवर सगळं समतोलात, सावकाश होतं, तिथे सरळ झाल्यानंतरची किंमत मिळते. शिवाय भांड्यातून आलेला रेणू गरम असतो, त्याची स्वतःची थरथर थोडी मदत करते आणि लेझरचा आकडा खाली ओढते. म्हणून पेपरमध्ये ३.८ आणि ३.९ असे दोन आकडे दिसले तर आधी बघायचं की कुठल्या पद्धतीने आलेत.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न येणारच. या रेणूंचा साठा करता येत नाही, पण त्यांचे आयन रोजच्या कामात आहेत. दोन सिझियम आणि एक क्लोरीन असा धन आयन घ्या, वजन १३३ अधिक १३३ अधिक ३५, म्हणजे ३०१, आणि क्लोरीन ३७ वजनाचा असेल तर ३०३. पाण्यातल्या क्लोरीनच्या दोन समस्थानिकांचं प्रमाण अचूक काढायचं तर तापलेल्या पट्टीवर हाच आयन तयार करतात आणि ३०१, ३०३ ची तुलना करतात. सुटा क्लोरीन धन आयन व्हायला किती महाग आहे ते वर पाहिलंच, फ्लोरीनचा भाऊ तो, पण दोन सिझियमच्या पाठीवर बसून तो सहज जातो. बोरॉनसाठीही हीच युक्ती आहे, तिथे दोन सिझियम, एक बोरॉन आणि दोन ऑक्सिजन असा आयन वापरतात, आणि शिंपल्यांमधल्या बोरॉनच्या समस्थानिकांवरून जुन्या काळी समुद्र किती आम्लधर्मी होता याचा अंदाज काढतात.

यावर कोणी म्हणेल की मग तिथे तरी अख्खा रेणू आधी होता का? बहुधा नसतोही, पट्टीवरच सिझियमचा आयन सिझियम क्लोराइडला चिकटून हा आयन बनू शकतो, आणि समस्थानिक मोजणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, त्याला फक्त क्लोरीनचं वजन हवंय. फरक त्याला पडतो ज्याला बिनचार्जच्या रेणूबद्दल काही म्हणायचंय.

आणि तसं म्हणणारे आता बरेच आहेत. इलेक्ट्रॉन इतक्या सहज देणारा रेणू कार्बन डायऑक्साइडसारख्या हट्टी रेणूला इलेक्ट्रॉन देऊन त्याला रासायनिक क्रियेला तयार करू शकेल का, असे सुपरअल्कली विटांसारखे रचून नवे पदार्थ बनवता येतील का, यावर कॉम्प्युटरने केलेले हिशोब ढिगाने छापून येतायत. त्या हिशोबांत रेणूचं नाव आणि त्याची आयनीभवन ऊर्जा असते, दशांशाच्या दोन-तीन घरांपर्यंत. त्यातल्या ज्या थोड्या रेणूंना कोणीतरी खरोखर भांड्यातून बाहेर काढून, ३३ किंवा (फ्लोरीनच्या जागी क्लोरीन असेल तर) ४९ वरचं शिखर समस्थानिकांनी तपासून, तुकड्यांची शक्यता काढून टाकून मोजलंय, त्यांच्या आकड्यांवरच बाकीच्या सगळ्यांचे हिशोब बरोबर आलेत की नाही हे पडताळून बघता येतं.